दहा मिनिटांची शांतता

मानापुरी,
१९ मे

प्रिय फर्गस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच फाडशील, अशी मला भीती आहे. पण इवनची शपथ आहे तुला, शेवटपर्यंत वाच. चौदा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसले, तर मायन्यापाशीच तीन कागद फुकट गेले. पत्ता तुझ्या बहिणीकडून भांडून मिळवला. जीन म्हणाली, "आता काय शिल्लक ठेवलंयस त्याचं, जे ओरबाडायला निघालीस?" मी गप्प बसले. मला गप्प बसवणं किती अवघड आहे, ते तू जाणतोस.

हल्ली मी पर्यटकांच्या बोटीवर स्वयंपाक करते. कप्तान आमचे बाबाच. शेवंडी पकडायचा धंदा त्यांनी इवन गेला तेव्हाच सोडला. फ्योर्डच्या खाडीत एका रात्रीचा मुक्काम, चाळीसेक माणसं, संध्याकाळी भाजलेलं मेंढीचं मटण, सकाळी लापशी आणि अंडी, आणि सतत पाऊस. लोक लांबून लांबून येऊन चिंब भिजतात आणि वर म्हणतात, "अहाहा, काय धबधबे!" तू असतास तर त्यांची नक्कल करून मला हसवून मारलं असतंस.

परतीच्या सकाळी बाबा बोट खाडीच्या आतल्या फाट्यात नेतात आणि इंजिन, जनरेटर, सगळं बंद करतात. मग लाउडस्पीकरवरून त्यांचा आवाज येतो, "मंडळी, आता दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, फोटो काढायचा नाही. माशी चावली तर चावू द्या, तिचीही न्याहारीची वेळ आहे." लोक हसतात आणि डेकवर चिडीचूप उभे राहतात. हा पायंडा बाबांनीच पाडला. फाटा तोच, जिथे आमची बोट खडकावर आपटली आणि माझा भाऊ इवन गेला. बोटीवर तुम्ही तिघंच होतात, बाबा, इवन आणि तू. सुकाणू तुझ्याकडे होतं, तुझा डोळा लागला, असं बाबांनी अपघाताच्या चौकशीत सांगितलं. डोक्याच्या माराने तुझी ती पहाट पुसूनच गेली होती. तू मान खाली घालून सगळं अंगावर घेतलंस आणि समुद्र दिसणारही नाही अशा गावी निघून गेलास. बाबा ती शांतता इवनसाठी पाळतात, असं मला वाटायचं. मला त्यांचा फार अभिमान होता, फर्गस.

गेल्या गुरुवारी ते लाउडस्पीकरचं बटण बंद करायला विसरले. तो बॅटरीवर चालतो. मी अंड्यांची परात घेऊन दारात उभी होते. दोनेक मिनिटं नुसतं पाणी ठिबकत होतं. मग डोक्यावरून बाबांचा आवाज आला, अगदी घरातल्यासारखा. "इवन, आज वारा नाही रे बाळा. त्या दिवशीही नव्हता." आमचा खलाशी तामा बटण बंद करायला जिन्याकडे धावला. मी त्याची बाही धरली. का धरली, देव जाणे. आवाज चालूच होता. "डोळा माझा लागला रे. फर्गस बिचारा खाली झोपला होता, पाळी त्याची नव्हती. मला वाटलं, हाही जातोय. जाणाऱ्याच्या नावावर टाकलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण तो वाचला. मग माझं तोंडच उघडेना."

माझ्या हातातून परात कधी पडली, मला कळलं नाही. तेवढाच एक आवाज झाला. एका माणसाने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग! बाकी सगळे माझ्याकडे बघत होते, कारण माझा चेहरा बघून त्यांना कळलं होतं की हे खरं आहे.

बाबा खाली आले ते हसतच. "काय गं, सगळ्यांची वाचा बसली की काय? माझ्या मिशीला लापशी लागलीय?" मी म्हटलं, "बाबा, लाउडस्पीकर चालू होता." त्यांनी एवढंच विचारलं, "किती ऐकू आलं?" मी म्हटलं, "सगळं." ते तिथेच दोरांच्या वेटोळ्यावर बसले. थोड्या वेळाने उठले आणि बोट धक्क्याला आणली, व्यवस्थित, कुठे खरचटू न देता. उतरताना ऑकलंडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या हातात कागद ठेवला. ऐकणाऱ्यांपैकी अठ्ठावीस जणांची नावं, पत्ते आणि सह्या. तो कागद आणि माझा जबाब मी चौकशीच्या कचेरीत दिला आहे.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "फर्गसला कळवू नकोस. त्याला आता सवय झाली असेल." सवय! मी जन्मात पहिल्यांदा बापावर ओरडले. त्यांनी जे केलं, त्याने मी सुन्न झाले होते, पण या एका शब्दाने माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आता मी त्यांचं ताट वाढून ठेवते. बोलत नाही.

एवढं सगळं तुला कचेरीकडून कळलंच असतं. पत्र त्यासाठी नाही आणि क्षमा मागायलाही नाही, ती मागायला मला तोंड नाही. इस्पितळात चौथ्या दिवशी तू शुद्धीवर आलास आणि पहिलाच प्रश्न मला विचारलास, "इस्ला, सुकाणूवर मीच होतो का गं?" मी बोटीवर नव्हते. बाबांनी सांगितलं त्यापलीकडे मला कशाचाच पत्ता नव्हता. तरी तुझ्या डोळ्यांत बघून मी म्हटलं, "हो, तूच," आणि साखरपुड्याची अंगठी काढून तुझ्या पांघरुणावर टाकली. बाबा खोटं बोलले ते चौकशीत. तुला तोंडावर सांगितलं ते मी. तू विचारलं होतंस मला, म्हणून उत्तरही मीच द्यायला हवं. नाही रे, फर्गस. तू नव्हतास. तू खाली झोपला होतास.

तुझी,
इस्ला