परीक्षेत नसलेला तास

गुरुजी, तुमच्याशी मला भांडायचंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता आपल्या तेर गावात तुमचा चेहरा आठवणारी माणसं हाताच्या बोटांवर उरली असतील. पण भांडायला माणूस समोर लागतोच असं नाही. गेल्या आठवड्यात पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर उभा असलेला मी घरच्या पडवीत एका पत्र्याच्या पेटीवर बसलो, आणि काही केल्या उठलो नाही. तेव्हापासून तुमच्याशी भांडण मनात घोळतंय.

पेटी नातीची. ती सतरा वर्षांची आहे, लातूरला एका क्लासात डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. करत होती. दोन वर्षांपूर्वी तिला सोडायला मीच गेलो होतो. तेव्हा ती रस्ताभर बडबडत होती. मुरूडला गाडी थांबली तर खिडकीतून हात काढून पेरू घेतले आणि निम्मे शेजारच्या अनोळखी बाईला दिले. ती पोरगी यंदा दिवाळीला आली ती कुणी दुसरीच. कंगव्यात केसांचे पुंजके. जेवताना एक डोळा घड्याळावर. सूनबाईनं विचारलं, "काय करू गं खायला?" तर ही म्हणाली, "पर्याय सांग ना." मी हसलो. मला वाटलं, गंमत करतेय. नंतर तिला घेऊन नदीकडं गेलो. तेरणेच्या काठावर बसलो आणि सहज विचारलं, "काय दिसतंय गं तुला?" पाण्यावर ऊन होतं, पलीकडं कुणी म्हैस धूत होतं. ती बारीक आवाजात म्हणाली, "आबा, मला बरोबर उत्तर माहीत न्हाई." तेव्हा मात्र माझं हसू वाळलं.

हळूहळू तिनं सांगितलं. दर सोमवारी क्लासात यादी लागते आणि यादीप्रमाणं बाक बदलतात. ती दुसऱ्या बाकावर होती, आता शेवटून दुसऱ्यावर आहे. शेवटच्या बाकावरच्यांशी पुढचे बोलत नाहीत. वेळ जातो म्हणून. पुस्तकातली एकच ओळ ती तास तास वाचत बसते आणि खाली पोचेपर्यंत वरची निसटून जाते. "मला शिकायचंय आबा," ती म्हणाली, "पण डोक्यात काई शिरतच न्हाई." एवढं सांगताना सुद्धा तिचा हात मांडीवर गोल काळे करत होता, चार गोलांतला एक, चार गोलांतला एक.

आणि मला तुमचा शनिवार आठवला. सकाळची शाळा, शेवटचा तास. तुम्ही वर्गात यायचात, धोतराचा सोगा सावरून खडू घ्यायचात आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचात: हे परीक्षेत नाही. मग पुस्तक मिटायचं, दौत-टाक बाजूला. तुम्ही डोळे मिटून कविता म्हणायचात. तीवर प्रश्न नाही, भावार्थ नाही, 'कवीला काय म्हणायचे आहे' नाही. आमच्या वस्तीतनं त्या वर्गात आलेली आम्ही दोघंच होतो. बाकीचे सहा दिवस मला प्रत्येक प्रश्नाची भीती वाटायची, कारण माझं उत्तर चुकलं की ते माझ्या एकट्याचं चुकत नसे, सगळ्या वस्तीचं चुकल्यासारखं व्हायचं. घरी आई म्हणायची, "शिक बाबा, शिकलास तर सुटशील." त्या शनिवारच्या तासाला मात्र कुणी काही विचारणारच नसायचं. खरं सांगतो, मी शिकलो तो त्या तासात. पुढं एसटीत कंडक्टर झालो, तेर-धाराशिव गाडीवर उभी हयात काढली, घंटी मारायची विसरून कितीदा पॅसेंजरांच्या शिव्या खाल्ल्या. "कंडक्टर साहेब, कविता मागनं म्हणा, आधी गाडी सोडा," असं भाजीवाली मावशी ओरडायची. ती चूक माझी नव्हे, तुमची.

आता भांडणाचं सांगतो. त्या वर्षी मॅट्रिकचा निकाल घसरला होता. शनिवारी तुम्ही एक नवीच कविता म्हणत होता. आटलेल्या नदीच्या वाळूत पाण्यासाठी झिरा उकरणाऱ्या बाईची. ती उकरत जाते, हात कोपरापर्यंत आत जातो, वाळू ढासळते, ती पुन्हा उकरते, आणि बोटांना ओल लागते. तिथं दारात हेडमास्तर उभे. फळ्यावरची अक्षरं वाचून म्हणाले, "गुरुजी, निकाल बघितलात ना? मग जे परीक्षेत नाही ते कशाला?" तुम्ही काही बोलाल म्हणून मी तुमच्या तोंडाकडं बघत बसलो होतो. तुम्ही डस्टर उचललं. फळा पुसलात. आणि लिहिलंत: संभाव्य प्रश्न. त्या बाईला तसंच वाळूत हात घालून ठेवून तुम्ही आम्हाला विभक्ती प्रत्यय सांगायला लागलात. पुढच्या शनिवारीही तेच. तो तास परत कधी आला नाही.

तुम्ही माघार घेतलीत, गुरुजी. तुमच्या पोटापाण्याचा प्रश्न असेल, मला कळतं. पण मी घेणार नाही, असं मी पेटीवर बसलो तेव्हा ठरवलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपली. मुलगा धाराशिवला कचेरीत असतो, तो सकाळी तिला लातूरला पोचवायला निघाला. पेटी उचलायला आला तर तीवर मी.

"आबा, उठा. गाडी चुकंल."

"न्हाय उठत."

"हे काय लहान पोरासारखं? उठा म्हणतो ना."

"पेटी न्यायची तर मला धरून ने. दोघांचं तिकीट काढ."

सूनबाई स्वयंपाकघरातनं डोकावली. "आबा, चहा पेटीवरच देऊ का?" तिच्या आवाजात मला माझी बाजू ऐकू आली. मुलाला पण आली असावी, कारण तो जरा वरच्या पट्टीत म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं, मला पोरीची हौस आलीय तिकडं टाकायची? आपल्यासारख्याला शिकण्याबिगर दुसरं हाय काय? तुम्हीच सांगत आलात ना जन्मभर?"

"सांगत आलो. अजून सांगतो. पण हे शिकणं न्हाय. यादी वाचणं आहे हे. तिला विचार, नदीत काय दिसतं ते. तिला सांगता येत न्हाय. डोळे आहेत, दिसत न्हाय. असली डॉक्टर कुणाची नाडी बघणार?"

तो पेटीपासून दोन पावलं मागं सरला. मला वाटलं, जिंकलो. मग तो हळू म्हणाला, "तुमच्या कविता सगळ्या गाडीला पाठ होत्या, आबा. भाजीवालीला पण. मला एक तरी कधी म्हणून दाखवलीत? मी शाळेतनं आलो की एकच विचारायचात. किती पडले."

गुरुजी, पेटीचा पत्रा एकदम गार लागला. खरं होतं ते. त्याच्या दहावीला मीच त्याची पतंगाच्या दोऱ्याची आसारी माळ्यावर टाकली होती आणि भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं होतं. मी उठायला हवं होतं. न्याय तोच म्हणत होता. पण मी उठलो नाही. "तुझ्या बाबतीत चुकलो," मी म्हणालो, "म्हणून तर बसलोय." तो पेटीच्या दुसऱ्या टोकावर टेकला. बापलेक एका पेटीवर, तोंडं दोन दिशांना. गाडी गेल्याचा हॉर्न फाट्यावरनं ऐकू आला.

शेवटी नातच आली. "उठा दोघंबी," ती म्हणाली, "पेटीत माझी पुस्तकं हायत. मला पायजेत." आम्ही उठलो. तिनं पुस्तकं काढून खिडकीत लावली, आणि बापाकडं न बघता सांगितलं, "बारावी मी हितनं देते. ती दुसरी परीक्षा मला झेपंल तेव्हा. न्हाई झेपली तर न्हाई." लोक आता म्हणतील, म्हाताऱ्यानं पोरीचं वाटोळं केलं. म्हणू द्या. निकाल वाईट लागला तर माझ्याकडं बोट दाखवा म्हणावं, मी विहाराच्या ओट्यावरच बसलेला असतो, सापडायला अवघड नाही.

काल शनिवार होता. मी खडूनं स्वयंपाकघराच्या दारावर लिहिलं: हे परीक्षेत नाही. सूनबाई म्हणाली, "दार पुसायचं कुणी?" पण भाकरी थापायची थांबली. मी डोळे मिटले आणि झिऱ्याची कविता म्हटली, बोटांना ओल लागते तिथपर्यंत. मुलगा सुट्टीला आला होता, कामासाठी बाहेर निघाला होता, एक चप्पल घालून उंबऱ्यात तसाच उभा राहिला. नात म्हणाली, "पुढं? पाणी लागलं का तिला?" पर्याय न मागता विचारलेला, दिवाळीपासूनचा तिचा पहिला प्रश्न. मी सांगितलं की गुरुजींनी तिथंच सोडली, पुढची मला मिळालीच नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच आहे. ते त्याच रिकाम्या पेटीत राहील. म्हणून इथं एक सांगून टाकतो, जे काल मी तिघांनाही सांगितलं नाही. फळा पुसलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला आडावर गाठलं होतंत. घागर माझ्या खांद्यावर होती. तुम्ही म्हणालात, "थांब रे, कालचं राहिलेलं तुला म्हणून दाखवतो." मी रागात होतो. वर बघितलं सुद्धा नाही. "परीक्षेत हाय का ते, गुरुजी?" मी विचारलं, आणि चालायला लागलो.