दारात घोडा नव्हताच

प्रिय संभाच्या बा,

'प्रिय' लिहायची ही पहिलीच वेळ. नात म्हणाली, पत्र असंच सुरू करतात. तुम्ही होता तोवर मी तुम्हाला 'अवो' म्हणाले, फारच डोकं फिरलं तर 'मुडद्या'. आता तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तेव्हा प्रिय म्हणायला माझं काय जातंय!

कोल्हापुरात आहे. सरकारी दवाखान्यात, वरच्या मजल्यावर, बाकड्यावर बसलेय. नातीच्या, शीतलच्या वहीची पानं फाडून घेतली. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर म्हणजे कोंबडी नाचल्यागत. तुम्हाला तर तेवढंही येत नव्हतं, त्यामुळं नावं ठेवू नका.

आत खाटेवर संभा आहे. तुमचा लेक. सकाळपासून दोनदा त्यानं हातातली सलाईनची सुई उपटली. दुसऱ्या वेळी चादरभर रक्त. नर्स ओरडली, सून रडली, आणि तो मला म्हणाला, "आई, शपथ मोडली की गं माझी! सुईच्या आधी स्पिरिटचा बोळा फिरवला ह्यांनी. दारूचाच वास आला मला. बानं मरण घेतलं पण सुई घेतली न्हाय, आणि मी हितं पडलोय व्हय? घरला न्या मला."

डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून दोन-तीन दिवस धोक्याचे आहेत. तो सही करून जातो म्हणतोय. संध्याकाळी मोठे डॉक्टर येईतोवर त्याला समजवा, म्हणाल्या. समजावणार कोण? मी. आणि समजवायला माझ्याकडं एकच गोष्ट आहे. ती सांगायच्या आधी तुम्हाला सांगते. आधी तुमची गुन्हेगार आहे, मग त्याची.

संभा प्यायला कधी लागला विचारू नका. तुमच्याच वळणावर गेला. आपल्या हुपरीत कुणाच्या पायातलं चांदीचं पैंजण बघा, निम्म्याला ह्याच्या हातचे घुंगरू निघतील, असा हात होता त्याचा. पण गेली चार-पाच वर्षं सकाळी एक क्वार्टर पोटात गेल्याशिवाय घुंगरू जाग्यावर बसेना. पिऊन हात स्थिर, न पिता हात लटालटा. तुमचंही तेच की! सकाळी चहाची बशी दोन्ही हातांनी धरायचात, विसरलात?

मागच्या महिन्यात त्याची पोटाची तपासणी झाली. लिव्हर सुजलंय म्हणाले. तो घाबरला. रविवारी अंघोळ करून तुमच्या फोटोसमोर बसला, गुलालावर हात ठेवला आणि म्हणाला, "जोतिबाच्या नावानं, बाच्या नावानं, आजपास्नं थेंब न्हाय." सून मंगल पदराआड रडली. शीतल अकरावीला आहे, तिनं भिंतीवर कागद चिकटवला. सकाळी कोमट पाणी लिंबू पिळून, मग दुधीचा रस, मग बीट, संध्याकाळी चालायला जायचं. मोबाईलवर बघून लिहिलं होतं सगळं. डिटॉक्स म्हणतात म्हणे त्याला.

मी म्हटलं, "ते काय असतंय गं?"

"आज्जी, अंगातलं विष भाईर काढायचं."

"तुझ्या बापाच्या अंगात इष सोडून दुसरं काय ऱ्हायलंय? समदंच काढशील तर कातडं उरंल!"

हसलो सगळे. संभासुद्धा हसला. बऱ्याच दिवसांनी आमच्या घरात एकाच वेळी चौघं हसलो असू.

सोमवारी त्याला घाम सुटला. पंख्याखाली बसून बनियन पिळून काढलं. मंगळवारी ओकारी, डोळ्याला डोळा नाही, हात असे हलायला लागले की दुधीचा रस निम्मा मांडीवर. शीतल मोबाईल घेऊन बापाजवळ बसली. "पप्पा, हे चांगलंच लक्षण हाय. विष निघायलंय म्हणून थरथरतंय. अजून दोन दिवस सोसा." पोरीचा काय दोष? तिला कुणी सांगितलं तेच ती सांगणार.

पण मला कळलं होतं की! संभाच्या बा, मंगळवारीच कळलं होतं. तो घाम, तो वास, डोळ्यांची ती बुबुळं. हे सगळं मी एकदा बघितलेलं. मी चुलीपुढनं उठले आणि म्हटलं, "संभा, दवाखान्यात चल. असली दारू एकाएकी सोडायची नसतीया."

तो म्हणाला, "बानं दवाखाना केलता व्हय? मी बी त्याचाच लेक हाय."

आणि माझी, ह्या हौसाबाईची, जीभ टाळूला चिकटली! जिच्या तोंडाला हुपरीतला दुकानदार भितो, ती मी गप्प बसले. भाकऱ्या थापत बसले. त्याला तेव्हाच खरं सांगितलं असतं तर तो बुधवार आलाच नसता. एक अख्खा दिवस मी माझ्या लाजेपायी घालवला.

बुधवारी दुपारी तो सोप्यात फरशीवर रांगायला लागला. बोटानं काहीतरी टिपायचा, तळहातावर ठेवायचा, पुन्हा टिपायचा. मंगल म्हणाली, "अवो, काय सांडलं?" तो म्हणाला, "घुंगरं. समदी घुंगरं सांडल्यात. तुमास्नी दिसत न्हाईत व्हय?" फरशी लख्ख होती. एक घुंगरू नव्हता. तो वेचतच होता, आणि अंग असं थडथडत होतं की दात वाजत होते.

तेवढ्यात शेजारची गंगूआक्का आली. तीच, अजून आहे ती, गुडघे गेले पण जीभ शाबूत आहे. दारातनंच ओरडली, "आगं बया! बाचं वारं आलं लेकाला! चांगभलं! कुक्कू आणा, पाट मांडा!" पाच मिनिटांत दारात दहा बायका. आक्कानं स्वतःच्या घरातनं ताट आणलं, हळद, कुंकू, नारळ. संभाच्या कपाळाला बोट लावणार, तोच मी खालून ताटाला असा हात मारला की नारळ गटारात.

"आक्का, देव न्हवं ही! दारू हाय, दारू! निघायलीय ती अंगातनं! जीव घिऊन निघायलीय!"

"हौसा, तोंड आवर. देव हाय त्यो. तुझ्याच मालकाच्या अंगात आलता, तूच पाट मांडलातास!"

"व्हय, मांडला की! आणि मग मी काय उचललं, बघितलंस न्हवं तू? माझा मालक उचलला! आता पोरगा उचलू व्हय?"

समोरच्या घरातल्याची गाडी उभी होती, मी त्याला म्हटलं, "पावणं, किल्ली काढा, न्हायतर मी ढकलत नेते." तो बिचारा जेवता उठला, हात न धुता बसला. मधे रस्त्यात संभाला झटका आला. तोंडाला फेस. शीतल मागं बसून बापाचं डोकं मांडीवर घेऊन एकच म्हणत होती, "मी चुकले का आज्जी? मी चुकले का?" मी तिला म्हटलं, "तू गप डोकं धर. चुकलेली मी हाय." तिला वाटलं मी तिची समजूत काढतेय.

डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, शेवटची दारू कधी घेतली? घरात आधी कुणाला असं झालंय का? मी सांगितलं, मालकाला. सगळं नाही सांगितलं, थोडं सांगितलं. त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "आजी, रोज, वर्षानुवर्षं पिणाऱ्याचं शरीर दारूवरच चालायला शिकलेलं असतं. एकदम तोडली की ते उसळतं. हात कापतात, नाही ते दिसतं, झटके येतात, माणूस जातोसुद्धा. सोडायलाच पाहिजे, पण दवाखान्यात सोडायची. औषध देऊन, हळूहळू शांत करत. जीवनसत्त्वाच्या सुया, पाणी, झोप, डोळ्यासमोर कुणीतरी माणूस. रस, चालणं, सगळं चांगलंच आहे, पण ते नंतर."

एवढंसंच होतं ते. मला वाटलं, काहीतरी मोठं गूढ असेल. एवढंसंच!

आता तुमचं.

तुम्हीही शपथ घेतलीत. जोतिबाच्या डोंगरावर जाऊन, गुलालात हात बुडवून. येताना एस.टी.त सगळ्यांनी तुम्हाला खिडकीची जागा दिली. जन्मात पहिल्यांदा तुमच्या शेजारी बसायला मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही ताठ बसलात, थरथरायला लागलात आणि दाराकडं बोट करून म्हणालात, "घोडा आलाय." जोतिबाचा घोडा! मग कुणाला काय सांगायला हवं? पाट मांडला, हार घातला. ज्या गल्लीनं तुम्हाला गटारातनं उचलून आणलेलं, तीच तुमच्या पाया पडली. बाया विचारत होत्या, देवा, माझ्या पोरीचं लगीन कधी? तुम्ही म्हणत होता, "घोड्याला पाणी दावा." त्या म्हणाल्या, पाऊस झाला की जमणार!

आणि मी? मी तुमच्या शेजारी डोक्यावर पदर घेऊन बसले होते. माझ्याही पाया पडत होते लोक. गोड लागलं मला. खरं सांगते, फार गोड लागलं. बेवड्याची बायको म्हणून जी मान खाली गेली होती, ती त्या दिवशी वर आली.

तुमच्या धाकट्या भावाला तेवढं कळलं होतं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "वयनी, ह्ये वारं न्हाय. दादाचं अंग तापलंय. गाडी बघतो, डॉक्टरकडं नेऊ." मी काय म्हणाले ठाऊक आहे? "सुईत स्पिरिट असतंय. शपथ मोडंल. देव कोपंल." हे मीच म्हणाले. गंगूआक्का नाही, पुजारी नाही. मी. तो तरीही तुमचा हात धरायला आला तर मी त्याला दारातनं हाकलला. पुढं तो आपल्या घरी कधी आला नाही, आणि मी लोकांना सांगत राहिले की भाऊबंदकीतनं आला नाही.

तुम्ही मधेच एकदा माझ्याकडं बघून, अगदी तुमच्याच आवाजात म्हणालात, "हौसे, मला बरं वाटंना." मी तुमच्या तोंडात अंगारा घातला.

मग झटका आला. देव निघाला, म्हणाले सगळे. दार लोटून घेतलं, निजू दे म्हणाले. दार उघडलं तोवर तुम्ही गार.

का हो नाही एक शिवी दिलीत मला? आयुष्यभर फुकाच्या दिल्यात, नेमकी लागायची तेव्हा नाही दिलीत!

अग्नी देऊन आल्यावर संभानं विचारलं, "आई, बाला काय झालतं?" चोवीस-पंचवीसचा होता, पैंजणांचा माल घेऊन परगावी गेलेला, तो चितेलाच पोचला. मी म्हणाले, "शपथ पाळली, सुईसुद्धा घेतली न्हाय, म्हणून देवानं उचलून नेलं. सोन्यासारखं मरण." तेवढ्यावर तो जगला. तेवढ्यावर तो रविवारी शपथेला बसला. आणि आता तेवढ्यावरच मरायला उठलाय.

सुनेला वाटतं, मी त्याला आईची आण घालीन आणि तो ऐकेल. आण! आता ह्या घरात पुन्हा कुणी कुणाला आण घालायची नाही. मी सांगितलं तिला, "मंगल, तू चहा घिऊन ये, मी तेच्यासंगं एकटी बोलते." ती किटली घेऊन उठली. गेली बिचारी.

ऐकल्यावर तो माझं तोंड बघणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या भावासारखा दार सोडून जाईल कदाचित. गल्ली काय म्हणेल त्याची मला फिकीर नाही, गल्लीला मी कायम पुरून उरले. पण त्याच्या डोळ्यांची भीती वाटते. तुमचेच डोळे आहेत मेल्याचे.

शब्द देते तुम्हाला, काही न लपवता सांगेन. तुम्हाला देवानं नेलं नाही, तुम्हाला मी अडवून ठेवलं आणि तुम्ही उपचारावाचून गेलात, हे त्याच्या उशाशी बसून, त्याच्या तोंडाकडं बघत सांगेन. रडणार नाही, माफीही मागणार नाही. शिव्या देऊ दे, मारू दे, मला घराबाहेर काढू दे. पण ते सगळं करायला त्याला जिवंत राहावं लागेल, आणि त्यासाठी ती सुई हातात राहायला पाहिजे.

नर्स बाहेर आली आहे. म्हणते, आजी, पुन्हा उठून बसलाय, चप्पल मागतोय.

उठते.

हौसा