पाण्याच्या थेंबासारखी बटणं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंद्याने संगणकाच्या पडद्यावरची चित्रं काढणारी, कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं शाबूत आहे. गुडघे गेलेत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या मुलीला. गॅलरीचं दार दमट हवेत फुगतं. लाथ घातल्याशिवाय उघडत नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. तिने ती स्वतःवर उडवावी, नातवंडांवर नव्हे.

कलम ३. माझं भिंग आमच्या कंपनीच्या त्या सल्लागार गृहस्थांना, ज्यांना आम्ही चपटेशास्त्री म्हणत असू. माझी चमकदार बटणं बघून भर मीटिंगमध्ये ते म्हणाले होते, "या फुग्यांना टाचणी लावा." त्यांनी सपाट केलेली बटणं म्हातारपणी त्यांना स्वतःला तरी सापडावीत, एवढीच सदिच्छा.

कलम ४. हार्ड डिस्क. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिणं भाग आहे.

हिच्यात माझी दोन हजारांवर चित्रं आहेत. काचेचे फोल्डर, निळंभोर आकाश, थेंबासारखी टपोरी बटणं. आज लोक हसतात. पण तेव्हा संगणक म्हटलं की भल्याभल्यांना धडकी भरायची. कंपनीतले साहेब सांगायचे, "बघताक्षणी बोट लावावंसं वाटलं पाहिजे." थेंबावर उजेड कसा पडतो हे बघायला मी आठवडाभर खिडकीत पाण्याचा पेला ठेवून बसले होते. पुढचं जग असंच उजळ असणार, याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नव्हती.

मग एका सकाळी फोन अपडेट झाला आणि माझं सगळं काम पडद्यावरून पुसलं गेलं, जिकडेतिकडे सपाट बटणं. ते पुसणाऱ्यांत माझी मुलगी होती, तीही याच धंद्यातली. तिनेच सांगितलं.

"आई, काळ बदलला. ती चमक म्हणजे नुसता मेकअप."

"मग माझा जन्म मेकअपमध्येच गेला म्हण!"

त्यानंतर बारा वर्षं आमचं बोलणं कामापुरतंच राहिलं.

गेल्या साली बहिणीची उजवी बाजू लुळी पडली. इस्पितळात तिच्या खाटेशेजारी एक पडदा होता आणि नर्सला बोलवायचं बटण त्याच्यावरच. मुलगी भेटायला गेली, तेव्हा बहीण तासभर तहानलेली पडून होती.

"मावशी, इथे दाब ना."

"कुठे? इथे तर नुसतं 'नर्स' लिहिलंय. बटण कुठाय?"

मुलगी तिथून थेट माझ्याकडे आली. चपलाही न काढता म्हणाली, "आई, तो थेंब कसा काढायचीस ते दाखव."

सहा आठवडे आम्ही एका टेबलाशी बसलो. माझी निम्मी चमक तिने उतरवली. "मावशीच्या डोळ्यांना टोचेल." तिचं बरोबर होतं. तोंडावर कबूल केलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

इस्पितळाने ते बटण घेतलं. बहिणीने डाव्या हाताने दाबलं. नर्स धावत आली, तर ही म्हणते, "काही नाही गं, बघत होते."

सबब, डिस्क मुलीला, बिनशर्त. हवं ते ठेवावं, हवं ते पुसावं.

कलम ५. या कागदाची अंमलबजावणी करण्याची कोणी घाई करू नये. पुढच्या महिन्यात इस्पितळाच्या लिफ्टमधल्या पडद्यासाठी नवी बटणं आम्हा दोघींना काढायची आहेत.

ठिकाण: राहतं घर, जेवणाचं टेबल
दिनांक: ३ मार्च २०२६
सही: लिहून ठेवणार

आमच्यासमक्ष सही केली:
१. आमचे नेहमीचे डॉक्टर (बुद्धी शाबूत असल्याची खात्री केली)
२. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका