तेव्हा तसं नव्हतं

आये, आज धाकटीला घेऊन नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. तुझंच दुखणं निघालंय तुझ्या लेकीलाही, अंडाशयाचा कॅन्सर. नव्या औषधाच्या चाचणीत येणार का, असं तिला विचारताहेत. तुलाही विचारलं होतं. पण आता सगळं निराळं आहे गं. आधी रक्त तपासून कुणाला काय लागू पडेल याचा अंदाज घेतात. सलाईनं आटोपली की गोळ्या, त्याही जव्हारला घरी बसून घ्यायच्या. कागद मराठीत, आणि सगळं नीट समजावलं याची नोंद राहावी म्हणून समोर कॅमेरा. समजावणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताई, काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा." मी सवयीनं तोंड उघडलं. "दादा, तुम्ही नाही. आजार ताईंना आहे." धाकटी हसली, "याला गप बसवणाऱ्या तुम्हीच पहिल्या!" नुसत्या आवाजावरून जिपेचा कुठला नट ढिला आहे ते ओळखणारा, त्या कानांच्या जोरावर तीन जिपा उभ्या करणारा मी, गुमान ऐकत बसलो. "आणि मधेच नको वाटलं तर?" बाईंनी विचारलं. "मंग सोडून द्यायचा. तुम्ही रागवायचा नाय, दुसरा इलाज द्यायचा," धाकटी म्हणाली. बाईंनी मान डोलावली.

तुझ्या वेळी मी विशीतला. तुला शहरातली मराठी अर्धीमुर्धी कळायची, म्हणून डॉक्टर माझ्याशी बोलतात आणि मी तुझ्याशी. ते सांगताहेत, नवं औषध मिळेल की जुनंच, ते चिठ्ठी निघेल तसं. गुण येईलच असं नाही. आणि नाव केव्हाही काढून घेता येईल. कान तेव्हाही तिखट होते, एक शब्द सुटला नाही. तुझ्यापर्यंत मात्र मी एवढंच आणलं, "नवीन औषध हाय, आये, बरी होशील. अंगठा लाव." तू लावलास. पुढे केस गेले, अन्न तुटलं, आणि तू रोज एकच म्हणायचीस, "माला घरा ने. नागलीची आवणी आली, रोपा लावायची हायत." मी म्हणायचो, "सोडत नाहीत गं." डॉक्टरांना मी एकदाही विचारलं नाही. मला बरी झालेलीच आई घरी न्यायची होती. तू तिथंच गेलीस.

येताना मोखाड्याच्या अलीकडे घाटात धाकटी म्हणाली, "दादा, आयेला कोणी नाय सांगितला, सोडता येतं म्हणून?" मी गिअर बदलला. "तेव्हा तसं नव्हतं." "बरं झालं, आता बदललं. सोमवारी सही करते मी. तू संगं हाय, मंग भ्या नाय."

आता ती ओट्यावर नागली निवडतेय. मघाशी विचारलं तिनं, "काय लिहितोस एवढा?" म्हटलं, काही नाय. आये, तिला वाचता येतं. म्हणून तुला लिहितोय.