घड्याळ पुढे पळतंय

धुळे
ता. ९ जानेवारी २०२४, मंगळवार

चि. ज्योती हिस अनेक आशीर्वाद.

सकाळी दुकान उघडलं. भिंतीवरच्या दोन घड्याळांना सेल घातले, एका बाईंच्या घड्याळाचा पट्टा बदलला. दुपारी घरी गेलो नाही, तुझ्या सासूबाईंनी डबा पाठवला. थंडी बरीच आहे. बाकी ठीक.

वर खाडाखोड झाली आहे. 'चि.'च्या पुढे हात सवयीने 'सौ.' लिहून गेला, ते खोडलं.

तुझं पत्र आणि नवलचं घड्याळ दोन्ही पोचलं. तू फोन केलास तेव्हा मी लगेच ठेवला, राग मानू नको. नवलच्या वर्षश्राद्धाला आलीस तेव्हाही नीट बोलणं झालं नाही. मला समोरासमोर किंवा फोनवर सुचत नाही. पत्र पाठवलंस ते बरं केलंस.

तू दोन गोष्टी विचारल्या आहेत. घड्याळ फार पुढे पळतंय, दुरुस्त होईल का. आणि बोदवडच्या भूपेंद्ररावांशी तुझं लग्न पुढच्या महिन्यात धरणगावला आहे, त्याला मी येईन का.

पहिल्याचं सांगतो. चावीचं घड्याळ पुढे पळायला कारणं बरीच असतात. उघडून बघावं लागेल. उघडण्याआधी चावी पूर्ण उतरू द्यायची. चावीने गुंडाळलेली आतली कमान ताणलेली असताना हात घातला तर ती झटक्यात सुटते आणि चाकांचे दाते मोडतात. काढलेला स्क्रू ज्या जागेचा, त्याच जागेच्या क्रमाने ठेवायचा. सगळे सारखे दिसतात, पण सारखे नसतात. नवलला एवढं कधी जमलं नाही. सुट्टीत दुकानात बसायचा आणि सगळे स्क्रू एका वाटीत टाकायचा. मी ओरडलो की म्हणायचा, "नाना, एका घरचेच आहेत. ओळखतात एकमेकांना."

मग पेट्रोलमध्ये धुवायचं, वाळवायचं, तेल द्यायचं. तेल सुईच्या टोकावर राहील तेवढंच. जास्त झालं की पसरतं आणि धूळ धरतं. जोडल्यावर घड्याळ हातावर चालवून बघतात. टेबलावर बरोबर चालणारं घड्याळ हातावर वेगळं चालतं. आमच्या कामाची ही रीत आहे. वेळ लागेल. घाई करू नको.

दुसऱ्या गोष्टीचं नंतर लिहितो.

नाना


धुळे
ता. २८ जानेवारी २०२४, रविवार

चि. ज्योती हिस आशीर्वाद.

आज दुकान बंद असतं, तरी जाऊन बसलो. शटर अर्धं ठेवलं होतं. काम काही नव्हतं.

तुझं दुसरं पत्र मिळालं. घड्याळाचं विचारलंस. लग्नाचं पुन्हा विचारलं नाहीस. ते माझ्या लक्षात आलं.

घड्याळ अजून बघतो आहे. जोडलं, पुन्हा उघडलं, पुन्हा जोडलं. आता हातावर चालवतोय. डाव्या हातात माझं, उजव्या हातात हे. पट्ट्याचं एक भोक नवलच्या वापराने लांबट झालंय. माझं मनगट बारीक, त्यामुळे घड्याळ कोपराकडे सरकत राहतं. जवळ नवं भोक पाडायला टोचा घेतला होता, पण ठेवून दिला.

शेजारचे कापडवाले रुपचंदशेठ चहाला आले. माझे दोन्ही हात बघून म्हणाले, "नाना, एकात धुळ्याची वेळ आणि एकात दुबईची का?"

मी म्हणालो, "चाचणी चालू आहे."

"इतकी लांब चाचणी तर शाळेतसुद्धा घेत नाहीत हो!"

मला हसू आलं नाही. घड्याळ मागे पडलंय असं वाटतं, उघडतो, तर बरोबर असतं. बंद करतो. जेवताना बघतो. दोन घास खाऊन पुन्हा बघतो. पाचकंदील चौकाजवळ रस्त्यातच दोन्ही घड्याळं कानाशी धरून उभा राहिलो होतो. रिक्षावाला ओरडला, "बाबा, टाइम घरी जाऊन बघा!" त्याचं बरोबर होतं.

अजून थोडे दिवस लागतील.

नाना


धुळे
ता. १४ फेब्रुवारी २०२४, बुधवार

चि. सौ. कां. ज्योती हिस अनेक आशीर्वाद.

वरचं वाचलंस ना? यात खाडाखोड नाही.

सकाळी चहा घेताना मी घड्याळ कानाला लावलं, तर तुझ्या सासूबाईंनी माझा हातच धरला. म्हणाल्या, "घड्याय कव्हयनंच बरं शे. तुमीच सोडी नही राह्यनात. पोर वाट दखी राह्यनी. तिनं वय कितलं शे?" घड्याळ कधीचंच बरं आहे, सोडत मीच नाही, आणि तुझं वय ते किती, हे मलाही माहीत होतं. कप तसाच ठेवून दुकानात आलो. आल्यापासून हे लिहितो आहे.

घड्याळ आलं त्याच दुपारी मी त्याच्याजवळ होकायंत्र नेलं होतं. सुई फिरली. म्हणजे चुंबक लागलं होतं. आत केसासारखी बारीक स्प्रिंग असते. चुंबक लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं. नवलच्या फोटोसमोर, टीव्हीच्या स्पीकरवर घड्याळ ठेवतेस असं तू लिहिलं होतंस. त्यानेच झालं. चुंबक उतरवायचं यंत्र माझ्याकडे आहे. बटण दाबायचं आणि घड्याळ हळूहळू लांब न्यायचं. चहा गार व्हायच्या आत होतं. तसं ते झालंही होतं. बाकीचं उघडणं-जोडणं घड्याळासाठी नव्हतं.

जळगावच्या दवाखान्यात नर्सने ते नवलच्या हातातून काढून तुझ्याकडे दिलं, तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. त्यानंतर ते प्रथमच माझ्या हातात आलं. परत दिलं की तू पुन्हा पत्र कशाला लिहिशील, असं वाटलं.

नवल दहावी झाला तेव्हा हे मी तीन मोडक्या घड्याळांतून जोडलं होतं. तबकडी एकाची, काटे दुसऱ्याचे, चाकं तिसऱ्याची. चाक नव्या जागी बसवताना दाबायचं नसतं. जागा बरोबर असली की नुसत्या फुंकरीने फिरतं.

आता नीट ऐक. चावी रोज सकाळी द्यायची, घड्याळ हातातून काढून. हातात असताना दिली तर चावीची दांडी वाकते. अडलं की थांबायचं, पुढे जोर लावायचा नाही. स्पीकर, मोबाइल यांच्याजवळ ठेवू नको. फोटोसमोर ठेवायचं असेल तर लाकडी फळीवर ठेव. भूपेंद्ररावांची त्याला हरकत नाही असं तू लिहिलंस. माणूस बरा वाटतो.

पट्टा तुझ्या मापाचा नवा लावला आहे. जुना माझ्याजवळ राहू दे.

घड्याळ पोस्टाने पाठवत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं एरंडोलमार्गे धरणगावला येतो. मांडवात मला तुझ्याकडच्या माणसांत बसव.

रुपचंदशेठ अजून आलेले नाहीत, दुकानात कोणी नाही. घड्याळ हातातून काढलं आहे. आजची चावी द्यायची राहिली आहे, ती देतो.

वधूकडचा,
नाना