वरची मूठ

आई, मी आता एका कंपायलरवर काम करते, हे तुला सांगायचं राहून गेलंय. तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली आणि हे काम सुरू होऊन जेमतेम दोन, म्हणजे राहिलं यात दोष कुणाचाच नाही. तू असतीस तर सुक्या मासळीच्या पाटीवरचा फडका नीट करता करता एवढंच विचारलं असतंस, "सरकारी हाय का?" नाही, सरकारी नाही. तलासरीच्या कॉलेजात मुलांना कॉम्प्युटर शिकवते ती नोकरी वेगळी. हे आपल्या हौसेचं, फावल्या वेळातलं. कंपायलर म्हणजे काय ते तुला समजावणं मला मुळीच अवघड वाटत नाही. माणूस जे लिहितो ते मशीनला कळत नाही, आणि मशीनला जे कळतं ते माणसाला धड लिहिता येत नाही. मध्ये बसून एकाचं दुसऱ्याला समजेलसं करून देतो तो प्रोग्राम म्हणजे कंपायलर. तलासरीच्या बाजारात तू हेच करायचीस. समोर पाड्यावरच्या बायका, बाजूला मिठाचा गुजराती व्यापारी, आणि मध्ये तू. त्याचं तिला, तिचं त्याला. बोलणाऱ्याचं काही चुकलं तर तू हात वर करून दोघांना थांबवायचीस आणि नेमकं कुठे चुकलं ते दाखवायचीस. कंपायलरही तसाच थांबतो, चुकलेल्या जागेखाली एक खूण करतो आणि सांगतो, इथे बघ.

तर ही खूणच चुकत होती. प्रोग्रामच्या ओळीत मराठी मजकूर असला की खूण चार घरं पुढे नाहीतर मागे पडायची, कारण कंपायलर आपल्या काना-मात्रांनाही एकेक अख्खं घर देऊन मोजत होता. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना याचा पत्ताच नव्हता. आमच्या मुलांना मात्र "तुमचे नाव सांगा" असं मराठीत विचारणारा प्रोग्राम लिहायला आवडतं, आणि त्यांची खूण दर वेळी भलतीकडे. आठ वर्षं मी वर्गात सांगत आले की खुणेकडे लक्ष देऊ नका, सगळी ओळ वाचा. मग एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे कुणी दुरुस्त का करत नाही?" मी म्हटलं, करेल कुणीतरी. त्या दिवशी हायवेवर बसची वाट बघताना मला माझंच ते उत्तर खूप लागलं. कारण हा कंपायलर उघडा आहे, ओपन सोर्स. त्याचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो, दुरुस्ती सुचवता येते, आणि हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेत होते. स्वतः कधी त्या दाराशीसुद्धा गेले नव्हते.

गेले एकदाची. आधी नवख्यांसाठीचे नियम वाचले, दोनदा. मग एका रविवारी सरावलीच्या घरी अख्खा कंपायलर माझ्या लॅपटॉपवर बांधायला, म्हणजे त्याच्या कोडपासून चालता प्रोग्राम तयार करायला, घेतला. सकाळी पोहे झाले तेव्हा सुरू केला, तो जेवणं उरकली तरी चालूच, आणि शेवटी जागा संपली म्हणून बंद पडला. पुढच्या रविवारी फोटो पुसून जागा केली आणि पुन्हा बांधला. तिसऱ्या रविवारी प्रकल्पाच्या पानावर पहिला निरोप लिहिला. चारचौघांत पहिल्यांदा तोंड उघडायचं म्हणून अगदी अर्ज लिहावा तसा लिहिला, रिस्पेक्टेड सर, मला हे काम करण्याची परवानगी मिळावी. दोन दिवसांनी उत्तर आलं, परवानगी लागत नाही, सुरू कर, आणि मी सर नाही, बाई आहे. ही बाई म्हणजे माझं काम तपासणारी, कुठल्या तरी थंड देशातली. तिनं माझी दुरुस्ती सात वेळा परत पाठवली. नाव नीट दे, ही ओळ कशासाठी, याची चाचणी लिही. मला राग येत नव्हता, उलट मजा येत होती. जवळा निवडायला बसल्यावर तू माझं सूप सात वेळा परत करायचीस, एक खडा राहिला तरी. आठव्या वेळी तिनं दुरुस्ती घेतली. कंपायलरच्या पुढच्या आवृत्तीत, काम करणाऱ्यांच्या यादीत, माझं नाव आलं. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, स्टाफरूममध्ये पेढे झाले, घरी तुझ्या जावयानं तुझ्या हार घातलेल्या फोटोपुढे एक ठेवला. मी खूप खूश होते, आई, आणि मला ते शोभतही होतं.

तीन आठवड्यांनी माझी मलाच चूक सापडली. घरं मोजायचं काम मी नव्यानं लिहिलं तेव्हा ओळीच्या सुरुवातीची टॅबनं सोडलेली जागा मोजायला विसरले होते. म्हणजे मराठीची खूण जागेवर आली आणि टॅब वापरणाऱ्या बाकी जगाची हलली. कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नव्हतं. दुरुस्ती दोन ओळींची होती. तेव्हा मी काय केलं ते ऐक, कारण ते तुझंच शिकवलेलं आहे. मी एका दुसऱ्याच छोट्या कामाची दुरुस्ती पाठवत होते, तिच्यात या दोन ओळी गुपचूप घातल्या. तोंडानं काही सांगितलं नाही. वर एक मूठ घातली आणि गप्प बसले.

तुझी ती वरची मूठ. गिऱ्हाइकाला मागच्या खेपेला काही कमी-जास्त गेलं असेल तर तू कधी "चुकलं" म्हणायची नाहीस. पुढच्या खेपेला मापून झाल्यावर एक मूठ सुकट तिच्या पिशवीत वर टाकायचीस आणि दुसरीकडे बघायचीस. घेणारीला कळायचं, तुला कळायचं, विषय संपायचा. बाजारातल्या सगळ्या जणी हेच करायच्या. मला लहानपणी ते फार छान वाटायचं आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं. माणसाला खाली मान घालायला न लावता फेडून टाकायची ती रीत होती.

पण आता ते दिवस आठव. मी बारा वर्षांची आहे आणि आगोटीची खरेदी चालू आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांचं सुकं पाड्यावरच्या बायका आत्ताच घेऊन ठेवतात. आठवडाभर आभाळ आलंय, वाळवायच्या बांबूंवर, वलांडीवर, टांगलेले बोंबील वरून कडक आणि आतून ओले राहिलेत. ते तुला माहीत आहे, मलाही आहे, कारण पाटी भरताना एक मोडून तू माझ्या नाकाशी धरला होतास. तरी तू ते विकतेस. आणि पुढच्या बाजाराला एक बाई बुरशी धरलेले बोंबील पदरात घेऊन उभी राहते. तिनं तुझ्याकडूनही घेतले होते आणि तुझ्या शेजारी बसणाऱ्या मावशीकडूनही, आणि दोन्ही एकाच पिशवीत टाकले होते. ती मावशीला धरते. "तूच दिलंस नासकं. पोरांना काय घालू पावसात?" मावशी शपथा घेते. म्हणते, "माझं माल कडक होतं गं, वाजवून दिलं तुला." चार बायका जमतात, पदरातले बोंबील बघतात आणि मावशीच्या पाटीपासून लांब सरकतात. तू खाली बघून जवळ्यातले खडे वेचतेस. मग ती बाई तुझ्याकडे वळते तेव्हा तिला नवं माप देऊन वर एक मूठ नाही, तीन मुठी घालतेस. मावशीची पाटी त्या दिवशी भरलेली परत गेली.

परतीच्या टेम्पोत मावशी पुढे बसली होती म्हणून मी हळू आवाजात म्हटलं, "आई, ते आपले होते." तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की डाग आठवडाभर राहिला. "दिली ना मूठ वर? झालं ते. तोंडानं सांगितलं की पाटी उठते, पोरी, बाजारातली जागा जाते. मग काय खाणार, तुझी अक्कल?" त्यानंतर आपण दोघी त्या विषयावर कधी बोललो नाही. शिक्षणासाठी तू मला डहाणू रोडच्या कॉम्प्युटर क्लासला घातलंस, वासामुळे मालकाला त्रास नको म्हणून पहिल्या दिवशी स्वतः रस्त्यापलीकडे उन्हात पाटी घेऊन थांबलीस, या सगळ्याबद्दल मी तुझी ऋणी आहे आणि ते मी तुला हयातीत सांगितलंही. पण त्या चिमट्याबद्दल आज बोलायचं आहे.

माझ्या दोन ओळी तपासणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटल्या नाहीत. तिनं त्यांच्यापुढे लिहिलं, हा बदल या कामाचा नाही, इथे का आहे? उत्तर द्यायच्या आधी मी प्रकल्पाचं पान जरा मागे जाऊन वाचलं. खूण हलल्याच्या तक्रारी आल्या होत्या. माझा बदल आत गेला त्याच आठवड्यात आणखी एका नवख्याचा बदल आत गेला होता, तोही याच भागातला. सगळ्यांना वाटलं चूक त्याची, आणि त्याचा बदल काढून टाकला गेला होता. तो कोण, कुठल्या देशातला, मला आजही माहीत नाही. त्यानं लिहिलं होतं, माफ करा, माझं काय चुकलं ते मला सापडत नाहीये, मी पुन्हा बघतो. त्याखाली दोन दिवसांनी, अजून सापडलं नाही. सापडणार कसं? चूक त्याची नव्हतीच. तो आपल्या कडक मालाची शपथ घेत होता आणि मी खडे वेचत होते.

मुलगी क्लासला गेली होती, कुकर लावला होता. तीन शिट्ट्या होईपर्यंत मी त्याचे ते दोन निरोप पुन्हा पुन्हा वाचले. तुझं वाक्य कानात होतं, तोंडानं सांगितलं की पाटी उठते. पेढे वाटून झाले होते. यादीतलं नाव, प्राचार्यांचं भाषण, वर्गातली ती मुलगी, सगळे डोळ्यांपुढे येऊन गेले. मग मी सगळ्यांना दिसेल असं, त्या नवख्याच्या निरोपाखालीच लिहिलं. ही चूक माझ्या बदलामुळे झाली आहे, याच्या नाही. मला ती आठ दिवसांपूर्वी कळली होती आणि मी ती दुसऱ्या कामात लपवून दुरुस्त करायला निघाले होते. तसं करायला नको होतं. त्याचं काम पुन्हा आत घ्यावं. एवढंच. पाठवलं आणि गॅस बंद केला.

पाटी उठली नाही, आई. तपासणारीनं लिहिलं, सांगितलंस ते बरं झालं, आता दुरुस्ती वेगळी पाठव आणि टॅबची चाचणी जोड. त्या नवख्याचा बदल दुसऱ्या दिवशी आत गेला. त्यानं मला एक हसरा चेहरा पाठवला, बाकी काही नाही. कुणी लांब सरकलं नाही. उलट आता नवीन येणाऱ्यांचं काम मी तपासते, आणि कुणी कामात भलत्याच दोन ओळी घातल्या असल्या की मला त्या चटकन दिसतात. गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या त्या मुलीची पहिली दुरुस्ती आत गेली. मी तिला पहिली गोष्ट शिकवली ती कंपायलर बांधायची नाही. चुकलं तर चुकलं म्हणून वरच लिहायचं, ही.

तेव्हा मी तुला स्पष्ट सांगते, त्या दिवशी तू चुकलीस. मुठीनं त्या बाईचं फिटलं, मावशीचं काहीच फिटलं नाही, कारण तिच्या वाट्याला मूठ नव्हती, तुझं पाप होतं. हेही कळतं की मला महिन्याला पगार येतो, आणि तुझ्यामागे त्या पाटीशिवाय काही नव्हतं. मी ज्यांच्यासमोर कबुली दिली त्यांच्या शेजारी मला दर बुधवारी बाजारात बसायचं नव्हतं. तुला बसायचं होतं, तुझ्या जागी मी असते तर बोलले असते अशी बढाई मी मारणार नाही. पण चूक ती चूकच.

हे पत्र तुला पोचायचं नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच इतकं मोकळेपणानं लिहिता आलं. एक मात्र राहिलं. मावशी अजून आहे. तलासरीला जाणं झेपत नाही, डहाणूच्या बाजारात बसते, दिसतं कमी. न पाहिलेल्या माणसांना जे मी तीन शिट्ट्यांत लिहून टाकलं, ते तिला चौतीस वर्षांत सांगितलेलं नाही. दर रविवारी तिच्यापुढे जाऊन उभी राहते, सुकट घेते आणि भाव करत नाही. परवा तिनं विचारलं, "एवढी सुकट खातं कोण गं तुझ्याकडे?" मी म्हटलं, सगळ्यांना आवडते. आई, तू गेल्यापासून आमच्या घरात सुकट कुणीच खात नाही.