राजाचं पीस

बुलावायो, ३ सप्टेंबर

ती. ताईस,
लुंगिसानीचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. म्हणजे गुडघे दुखतात, केस गेले, वर्गातली पोरं मागून नकला करतात. एकूण लग्नाच्या तयारीत आहे. हसू नकोस. शिवणकाम करणारी ती विधवा, नोझिझ्वे खुमालो, तिनं कळवलंय की मध्यस्थ पाठवण्याआधी एकदा वडिलांच्या नजरेखालून जा. रविवारी त्यांच्या गावी निघतो.

मागे तिला घरापर्यंत सोडलं, तेव्हा त्यांच्या कुंपणाशी वाळक्या झाडाच्या शेंड्यावर नीळकंठ पाहिला. जांभळी छाती, निळे पंख. उंच जायचा नि कोलांट्या खात, घसा फाटल्यासारखा ओरडत खाली यायचा. मादी शेजारी टोळ गिळत होती, ढुंकूनही बघेना. मला तो फार जवळचा वाटला. त्याचं गळालेलं पीस टोपीत खोवून जाणार आहे. माझ्यात रंग म्हणून दुसरा नाही.

तुझा लोभ असतोच. या खेपेला जरा जास्त लागेल.

तुझा लुंगिसानी

त्शोलोत्शो, ७ सप्टेंबर

चि. लुंगिसानी यास अनेक आशीर्वाद.

अरे गाढवा, नीळकंठाचं पीस फक्त राजानं खोवायचं! बाबा लहानपणी ओरडायचे ते विसरलास? आणि जातोयस कुणाकडे, तर खुमालोंकडे, राजाच्या भाऊबंदांकडे! वर्गात इतिहास शिकवतोस ना? टोपीच घालू नकोस. टक्कल दिसलं तर दिसू दे, ते निदान तुझं स्वतःचं आहे.

पत्र वेळेत पोचो. माया आहे म्हणून शिव्या देते.

तुझी ताई

बुलावायो, १२ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र आज मिळालं. माझं राज्य रविवारीच संपलं.

म्हातारबाबांनी टोपीकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, राजाला करतात तो मुजरा ठोकला आणि घरच्यांना म्हणाले की वाका रे, राजे आलेत, आपल्याला कुणी कळवलंच नाही! घरातल्या एकुलत्या खुर्चीवर मला बसवलं. बकरं शिजलं होतं. मी हात पुढे केला तर म्हणाले, राजे प्रजेसमोर जेवत नसतात. प्रजा जेवली. हाडं चोखून जेवली. मागणीचं बोलावं तर म्हणाले, राजे स्वतःच्या तोंडानं मागत नसतात, सैन्य पाठवतात. आपलं सैन्य कुठवर आलंय? नोझिझ्वे तोंडावर हात धरून आत गेली. रडत होती की हसत, कळलं नाही.

टोपी तिथंच ठेवून, उपाशीपोटी, मोठ्या इतमामानं बसने परतलो. संपलं, ताई. पोरं माझी नक्कल करतात ती अगदी बरोबर करतात.

तुझा पदच्युत भाऊ

खुमालोंचं घर, १६ सप्टेंबर

सौ. नोमवुलाताई यांस,
नोझिझ्वेचा स. न. वि. वि.

ओळख नसताना लिहिते, राग मानू नये. तुमच्या भावानं उपाशी परतल्याचं कळवलं असेल, तर ते खोटं आहे. स्वयंपाकघरामागे मी त्यांना मटणाचं पातेलं दिलं. इतके जेवले की कुत्रं निराश होऊन निघून गेलं.

आत बाबा हसून हसून खोकत होते. म्हणाले, मास्तर असून सबंध दुपार उलटून बोलला नाही, याला म्हणावं मध्यस्थ पाठव. माझं मात्र अजून ठरत नव्हतं. मी बाहेर आले, तर राजे उकिडवे बसून माझं पातेलं राखेनं घासत होते. माझे यजमान फार भले होते, पण पातेलं कुठं ठेवतात हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

तेव्हा मध्यस्थ लवकर पाठवा. त्यांना मात्र इतक्यात काही सांगू नका. थोडे दिवस दुःख करू देत, त्यांना ते छान जमतं.

तुमच्या मायेत वाटा मागणारी,
नोझिझ्वे